सातवा रकाना

१४ ऑगस्ट

प्रिय ठमे,

अक्षर ओळखून तू पाकीट बाजूला ठेवलं असशील. सहा वर्षांत मी तुला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा तुझ्या नवऱ्याने "ती घरात नाही" असं सांगितलं. तिसऱ्या वेळी मागून तुझा खोकला ऐकू येत होता. बिचारा खोटं बोलण्यात अगदीच कच्चा आहे. म्हणून या वेळी पत्र. पत्र परत पाठवायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

कामाचं आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव. समुपदेशकांच्या नोंदणी परिषदेचा फॉर्म मला आला आहे. तू तिसऱ्यांदा अर्ज केला आहेस हे मला त्यावरूनच कळलं. तीनदाच अर्ज करता येतो, नंतर कायमचं दार बंद, हेही त्यात छापलेलं आहे. पहिले दोन अर्ज कशामुळे फेटाळले गेले ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. तू कॉलेजातली नोकरी सोडलीस तेव्हा तुझ्या कागदावर शेरा होता: 'सध्या विद्यार्थ्यांसोबत काम करण्याइतकी मानसिकदृष्ट्या स्थिर नाही.' शिक्का विभागाचा, सही माझी. या खेपेला परिषदेने थेट मलाच विचारलं आहे, कारण तुझी पर्यवेक्षक मी होते. सातव्या रकान्यात लिहायचं आहे, अर्जदाराने संस्था का सोडली, आणि तेव्हाचा शेरा आजही कायम आहे का. मुदत तीस सप्टेंबर.

फॉर्म माझ्या टेबलावर आहे. मी तो भरणार आहे. तू काळजी करू नकोस.

आता इतर. आपल्या मिशन कॉलेजातला विभाग आहे तसाच आहे. सरावाच्या खोलीतली ती एका बाजूने दिसणारी काच अजून तशीच, खालच्या कोपऱ्यात तडकलेली. दोन खुर्च्या नव्या आल्या, टिश्यूचा डबा जुनाच. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला अजून प्रार्थना होते आणि संख्याशास्त्राचे सर अजून ती अकरा सेकंदांत उरकतात. आपला विषय आणि आपली श्रद्धा यांचा मेळ कसा बसतो यावरचा निबंध दर पाच वर्षांनी द्यावा लागतो ना, मी यंदाही तोच दिला, तारीख बदलून. वीस वर्षांत एकाही प्राचार्याच्या ते लक्षात आलं नाही. 'उत्तरोत्तर सखोल' असा शेरा मिळाला आहे.

पहिल्या वर्षाचं पहिलं व्याख्यान अजून मीच घेते. 'या खोलीत जे बोललं जाईल ते या खोलीतच राहील.' मुलं वहीत उतरवून घेतात, खाली दोन रेघा मारतात. यंदा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, तुमच्याकडून कधी बाहेर गेलंय?" मी म्हटलं, "प्रश्न चांगला आहे, चौथ्या प्रकरणात घेऊ." वर्ग हसला. चौथं प्रकरण मागच्याच आठवड्यात संपलं. तिने पुन्हा विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही.

तू चष्म्याच्या दुकानात काम करतेस असं कळलं. कामात कमीपणा नाही, हे आपल्याला बाबांनी शिकवलं आणि मी शंभर जणांना शिकवलं. तरी तू लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवून बघतेस हे मला सहन होत नाही. मी शिकवलेल्यांत तुझ्यासारखे कान कोणाचेच नव्हते. हे तोंडावर कधी सांगितलं नाही ते आता सांगते.

तुझी
ताई

२ सप्टेंबर

प्रिय ठमे,

उत्तर नाही. मी तरी कुठे काही विचारलं होतं? पत्र परत आलं नाही, म्हणजे तू ठेवून घेतलंस असं मी धरून चालले आहे.

फॉर्म भरायला तीनदा बसले. पेन्सिलने, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही. पहिल्यांदा लिहिलं, 'वैयक्तिक कारणांमुळे संस्था सोडली.' खोडलं. मग लिहिलं, 'श्रद्धेसंबंधीची खासगी माहिती बाहेर गेल्याने परिस्थिती अवघड झाली.' हे वाक्य मला आवडलंसुद्धा. मग वाटलं, हेच एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर मी लाल पेनाने विचारलं असतं, माहितीला पाय होते का? तेही खोडलं. कागद आता त्या जागी इतका पातळ झाला आहे की पलीकडचं टेबल दिसतं. दुसरा फॉर्म मागवला आहे.

तेव्हा आधी तुलाच लिहून बघते. परिषदेला लिहिण्यापेक्षा ते अवघड आहे, पण तू निदान शिक्का मारणार नाहीस.

मुळात बहिणीने बहिणीचं पर्यवेक्षण करणं हीच चूक. पण तेव्हा कॉलेजात दुसरं पात्र माणूस नव्हतं आणि प्राचार्य म्हणाले होते, "घरातल्या घरात बरं पडेल." दर गुरुवारी चार वाजता आपण त्या खोलीत बसायचो. तुझ्याकडे समुपदेशनाला येणारी ती दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी गेली, स्वतःहून गेली, त्यानंतर सहा गुरुवार तू नुसती आलीस आणि बसलीस. सातव्या गुरुवारी म्हणालीस, "ताई, मी मुलांसमोर डोळे मिटते, शब्द म्हणते, आणि पलीकडे कोणीच नसतं. तिच्या अंत्यविधीपासून कोणी नाही. मी रिकाम्या खोलीत बोलतेय." मी विचारलं, "कोणाला सांगितलंस?" तू म्हणालीस, "तुलाच. हे माझं मला बघू दे. कुठे बोलू नकोस हं." जाताना तू दोनदा सांगितलंस. नोंदवहीत मी लिहिलं, 'श्रद्धाविषयक प्रश्न, चर्चा झाली.' खाली दोघींच्या सह्या आहेत. वही अजून माझ्या कपाटात आहे.

आणि मग बुधवार. साडेआठची शिक्षकांची प्रार्थना, वाचनालयाच्या हॉलमध्ये, खुर्च्या गोलात. तुला तापामुळे यायला जमलं नव्हतं. बाहेरच्या माणसाला हे कसं समजवायचं मला माहीत नाही, पण तुला कळेल. आपल्याकडे चहाड्या करायला बंदी आहे, प्रार्थनेची विनंती करायला नाही. कोणाचा संसार मोडतोय, कोणाचा मुलगा वाया गेलाय, सगळं आपण डोळे मिटून, मान खाली घालून ऐकतो आणि शेवटी आमेन म्हणतो. कॉलेजच्या पाळकांनी विचारलं, "आणखी कोणाची विनंती?" मी म्हटलं, "माझ्या धाकट्या बहिणीसाठी प्रार्थना करा. तिला आता प्रार्थना करता येत नाही."

मी रडले. खरी रडले. पाळकांनी वहीत तुझं नाव लिहून घेतलं. दुपारपर्यंत तुझ्या खोलीच्या दाराखालून अकरा कार्डं सरकवली गेली होती, 'आम्ही तुझ्यासोबत आहोत' असं लिहिलेली. संध्याकाळी प्राचार्यांनी तुला बोलावून श्रद्धेचं प्रतिज्ञापत्र पुढे ठेवलं, ज्यावर आपण सगळे वर्षातून एकदा न वाचता सही करतो ते, आणि म्हणाले, "माझ्यासमोर पुन्हा सही करा, म्हणजे विषय मिटला." तू म्हणालीस, "मला थोडा वेळ द्या." त्यांनी तुला रजा दिली. ती रजा कधी संपलीच नाही.

सही ठोकून मोकळी झाली असतीस तर काय बिघडलं असतं, असं मी तेव्हा तुझ्यावर ओरडले होते. अर्धा स्टाफ तसंच करतो. तू नाही केलंस. मला त्याचाच जास्त राग आला होता.

ठमे, मी ते मायेपोटी केलं. चुकलं, पण मायेपोटी. एवढं तू मान.

तुझी
ताई

१९ सप्टेंबर

प्रिय ठमे,

मागच्या पत्रात मी गुरुवार लिहिला, बुधवार लिहिला. शुक्रवार गाळला. पत्र पेटीत टाकलं आणि परतताना जिन्यातच ते लक्षात आलं. तुझ्या तर पहिल्या वाचनातच आलं असेल.

त्या शुक्रवारी नव्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा प्रमुख ठरणार होता. नावं दोनच, तुझं आणि माझं. मी तुझ्या आधी नऊ वर्षं लागलेली. तू कानामागून आलीस आणि तिखट झालीस, असं मी आईला एकदा हसत हसत म्हटलं होतं; आई हसली नव्हती. तुझा आराखडा मी वाचला होता. तू दाखवायला आणलास तेव्हा मी दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, कारण दुसरं काही सुधारण्यासारखं नव्हतं. माझा आराखडा म्हणजे जुनाच अभ्यासक्रम, नवं मुखपृष्ठ लावलेला. समितीतल्या पाचांपैकी तिघं तुझ्या बाजूचे आहेत हे मला कारकुनाने सांगितलं होतं.

बुधवारी तुझ्यासाठी ती विनंती करताना शुक्रवार माझ्या डोक्यात होता का? नव्हता, असं मी सहा वर्षं स्वतःला सांगत आले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कोणी सहज 'शुक्रवारी भेटू' म्हटलं तरी मी दचकते. होता, ठमे. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना मी एक डोळा किलकिला करून प्राचार्यांकडे पाहिलं होतं. ते नीट ऐकतायत ना, एवढं बघायला. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, प्रार्थनेतसुद्धा नाही. माणसं स्वतःपासून काय काय लपवतात हे शिकवून मी पोट भरलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शुक्रवारी पद मला मिळालं. पुढच्या आठवड्यात प्राचार्य म्हणाले, बहिणीच्या कागदावर काहीतरी लिहावं लागेल, नाहीतर नुसत्या श्रद्धेवरून काढलं असं दिसेल. मी तो शेरा लिहिला. अस्थिर तू नव्हतीस. कोणीतरी मेलं होतं आणि तू दुःखात होतीस. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हा फरक कळतो. आणि अभ्यासक्रम मी तुझ्याच आराखड्यावर चालवला. आजही तोच चालतो.

आता फॉर्मविषयी. मी तो शाईने भरला. खोडाखोड नाही. सातव्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून दोन पानं जोडली. गुरुवार, बुधवार, शुक्रवार, शेरा, सगळं आहे. गोपनीयता मोडली ती मी, आणि शेरा खोटा होता, असं सरळ लिहिलं आहे.

अडचण एकच. नऊ ऑक्टोबरला परिषदेची माणसं आमच्या अभ्यासक्रमाच्या तपासणीला येणार आहेत. प्रमुखानेच गोपनीयता मोडली हे त्यांच्या कागदावर आधी गेलं तर मान्यता थांबेल. अडतीस मुलं आहेत, त्यातली सोळा शेवटच्या वर्षाला. परवा प्राचार्य खोलीत आले. त्यांच्यापासून लपवून काही करायचं नाही म्हणून मी त्यांना पानं दाखवली होती. दार लावून म्हणाले, "मॅडम, खोटं लिहा असं मी कधीच म्हणणार नाही. नंतर लिहा. दहा तारखेला."

"मुदत तीसची आहे, सर."

"मुदती काय, मागेपुढे होतात. त्या मुलांचं काय चुकलं? तुमच्या बहिणीने सहा वर्षं काढलीच ना, दहा दिवसांनी काय होतंय?" मग जाता जाता म्हणाले, "मी प्रार्थनेत ठेवतो हा विषय." मी म्हटलं, "नका ठेवू."

मी पाठवणार आहे, वेळेत. त्या सोळा जणांची तोंडं डोळ्यांसमोर येतात हे खोटं नाही. पण या वेळी तू आधी.

तुझी
ताई

१ ऑक्टोबर

माझी लाडकी ठमे,

परवा फोन वाजला आणि पलीकडून "ताई, मी बोलतेय" ऐकलं तेव्हा मी उभी होते ती खालीच बसले, खुर्ची कुठे आहे ते न बघता. कंबर अजून दुखते. दुखू दे.

काल दिवसभर मी ते सगळं मनात पुन्हा पुन्हा ऐकलं. तुझा आवाज थोडा जाड झालाय, आईसारखा. तू म्हणालीस, "ते शुक्रवारचं तू स्वतःच्या हाताने लिहिलंस ना, तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. इतकी वर्षं वाटायचं, मीच काहीतरी डोक्यात घेऊन बसलेय. माझी सख्खी बहीण असं करेल का म्हणून मी स्वतःलाच वेड्यात काढत होते." मी रडायला लागले तर म्हणालीस, "आता तू रडू नकोस बाई, माझं बोलणं राहील." आणि मग म्हणालीस, "जाऊ दे. मला राग धरून ठेवायचाही कंटाळा आलाय."

ठमे, मी हे मागायलासुद्धा धजले नव्हते.

तुमच्या गावातल्या हॉस्पिटलचं ऐकून तर फार आनंद झाला. लहान मुलांचा वॉर्ड, ज्यांचं मूल गेलं त्या आईबापांसोबत बसायचं काम. तुझ्याखेरीज हे कोणी करूच नये. नोंदणीचा कागद मिळेपर्यंत ते जागा राखून ठेवणार हेही चांगलंच. दुकानातून कधी निघायचं ते घाईने ठरवू नकोस, नीट बघून ठरव.

फॉर्मचं तू विचारलंस, ते मी फोनवर सांगितलंच.

इकडे तपासणीची गडबड आहे. फायली, फळ्यावर नवे तक्ते, त्या तडकलेल्या काचेवर पट्टी. प्राचार्यांनी नवा टाय घेतला, तोही जुन्यासारखाच पोटाच्या वरच संपतो. तू फोनवर त्यांच्या टायची आठवण काढून हसलीस तेव्हा मला ते सांगायचं राहिलं. नाताळच्या सुट्टीत मी येऊ का? तुझ्या नवऱ्याला सांग, या खेपेला खोटं बोलावं लागणार नाही.

खूप खूप प्रेम,
ताई

१७ ऑक्टोबर

ठमे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आणि सोमवारच्या आत वाच.

त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, "ताई, फॉर्म पाठवलास ना?" मी म्हटलं, "हो गं, शुक्रवारीच." तो माझ्यासमोर होता. पाकीट बंद केलेलं, वर तिकिटं लावलेली, पत्ता माझ्या अक्षरात. तू "बाई, सुटले" म्हणालीस आणि मग ते सगळं बोललीस जे मी मागच्या पत्रात लिहून ठेवलं आहे. तू बोलत होतीस आणि मी त्या पाकिटावर हात ठेवून ऐकत होते. मला वाटलं, आता खरं सांगितलं तर ही फोन ठेवेल. खरं सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस, मी दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडली असती आणि दुपारी पाकीट परिषदेच्या खिडकीत दिलं असतं. तीस तारीख अजून हातात होती. दोन तासांचा तर रस्ता आहे.

तीस तारखेला मी दहाचा तास घेतला. मग फायली लावल्या. चार वाजता खिडकी बंद होते हे मला माहीत होतं. चार वाजले तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं आणि मला हलकं वाटलं. हे लिहिताना किळस येते, पण तसंच वाटलं होतं.

मी स्वतःला सांगितलं, नऊ दिवसांचा प्रश्न आहे, सरकारी कारभारात नऊ दिवस कोण मोजतं. परिषदेला फोन करून 'उशीर चालेल का' एवढं विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण तिथून 'नाही' आलं असतं तर मग मला जावंच लागलं असतं.

तपासणी छान झाली. त्यांच्या प्रमुख बाईंनी विचारलं, "गोपनीयतेच्या बाबतीत विभागाचा अनुभव कसा आहे?" मी म्हटलं, "उत्तम." मान्यता पाच वर्षांची मिळाली. अडतीस मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दहा तारखेला सकाळी मी पाकीट घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी ते उघडलं, तारीख बघितली, रजिस्टर चाळलं. "हा अर्ज एक तारखेलाच बंद झाला. तिसरा होता ना? मग आता काही नाही."

"उशीर माझा आहे. अर्जदाराचा नाही."

"ते ठीक आहे हो. पण अभिप्राय वेळेत आला नाही म्हणजे नाहीच आला असं धरतात. मग जुना शेरा कायम होतो."

"जुना शेरा खोटा आहे. मीच लिहिलाय. या पानांत सगळं आहे, वाचा तरी."

त्यांनी वाचलं. दोन्ही पानं, शेवटपर्यंत. मागे रांग थांबली होती. मग म्हणाल्या, "बाई, हे तुम्ही आधी का नाही आणलंत?" रागाने नाही विचारलं.

मी वर साहेबांना भेटले. फेरविचाराचा अर्ज लिहून दिला. हॉस्पिटललाही फोन केला, तिथल्या बाई भल्या आहेत, पण नोंदणीशिवाय त्यांनाही घेता येत नाही. काल परिषदेचं लेखी उत्तर आलं: फेरविचाराची तरतूद नाही. माझ्या कबुलीची मात्र त्यांनी वेगळी नोंद घेतली आहे, माझ्यावर चौकशी बसेल, बहुधा नोंदणी जाईल. प्राचार्यांनी राजीनामा मागायच्या आत मी दिला. मला याने बरं वाटायला हवं होतं. वाटत नाही. बैल गेला आणि झोपा केला. माझं काहीही काढून घेतलं तरी तुझा अर्ज उघडत नाही.

आता आणखी दोन गोष्टी, कारण या वेळी मला काही गाळायचं नाही.

पहिली. हे पत्र लिहायच्या आधी मी दुसरं लिहिलं होतं. त्यात पाकीट टपालात गहाळ झालं होतं. दीड पान. टपाल खात्याला शिव्या, माझं रडणं, सगळं बेमालूम जमलं होतं, आणि तू विश्वास ठेवला असतास. मी त्यावर सहीसुद्धा केली. सही वाळेपर्यंत थांबले आणि मग फाडलं.

दुसरी. काल संध्याकाळी मी तुला फोन केला होता ना, तो हे सांगायला. पत्रापेक्षा तोंडाने सांगावं म्हणून. तू उचललास, "बोल ताई" म्हणालीस, मागे भांड्यांचा आवाज होता. मी सुरुवात करायच्या आत तूच म्हणालीस, सोमवारी दुकानात राजीनामा देतेय, मालकांना महिनाभर आधी सांगावं लागतं, नोव्हेंबरअखेरीपासून हॉस्पिटल. मी काय म्हटलं आठवतं? "छान." मग तुमच्याकडे थंडी पडली का विचारलं आणि ठेवून दिला. फोनवर मला तुझ्याशी खरं बोलता येत नाही, हे आता दोनदा कळलं आहे. तुझा आवाज आनंदी असला की मला तो तसाच ठेवावासा वाटतो, मग त्यासाठी तुझं काहीही झालं तरी. यालाही मी माया म्हणत आले.

तू जे "जाऊ दे" म्हणालीस ते फॉर्म वेळेत पाठवणाऱ्या बहिणीला म्हणालीस. ते मला लागू नाही. माझ्याकडे ते तसंच राहू दे असं म्हणायची मला फार इच्छा आहे, पण म्हणत नाही. यानंतर तू फोन उचलू नकोस, नवऱ्याला सांग. या वेळी मला खरंच कळेल की तू घरात आहेस आणि मी परत फोन करणार नाही.

आत्ता सकाळचे नऊ वाजलेत. कुरियरचं दुकान उघडलं असेल. ते म्हणतात आज दिलं तर उद्या दुपारपर्यंत पोचतं. पोचलं तर पोचलं. मी उद्या संध्याकाळी कुरियरवाल्याला विचारून खात्री करेन, आणि नसलं पोचलं तर रविवारी स्वतः येऊन तुझ्या दारात उभी राहीन आणि हे तोंडाने सांगेन, जमलं नाही तरी सांगेन.

सोमवारी दुकानात राजीनामा देऊ नकोस.

ताई